मरकळची भट्टी आणि आकुर्डीचा चुंबक

मागच्या पावसाळ्यात आमच्या टेम्पोची बॅटरी बसली. दोन दिवस धक्का मारून गाडी चालू केली. तिसऱ्या दिवशी ती धक्क्यालाही दाद देईना, तेव्हा बॅटरी सोडवली आणि लोधिवलीतून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका दुकानात नेली. दुकानदाराने सहाही घरांची बुचे काढली, हायड्रोमीटरची नळी एकेका घरात बुडवली आणि रबरी फुगा दाबून आम्ल वर ओढले. पाच घरांत आतला तरंगता काटा बऱ्यापैकी वर आला. सहाव्यात तो तळाला टेकून बसला. ‘‘सेल गेलाय,’’ एवढेच तो म्हणाला. मग जुनी बॅटरी त्याने काट्यावर ठेवली. पंधरा किलोच्या आसपास भरली. नव्या बॅटरीच्या पावतीवर किमतीखाली एक वेगळी ओळ उमटली: जुनी बॅटरी जमा, वजा इतके रुपये.

ती ओळ पावतीवर आली कुठून, याचा माग काढता काढता मी विजेच्या गाड्यांच्या कच्च्या मालापर्यंत पोचलो. हाताशी घेतलेले कागद सगळे जाहीर आहेत: राजपत्रातले नियम, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, शेअर बाजाराला दिलेल्या सूचना, मंत्रालयांची प्रसिद्धिपत्रके, राज्य सरकारची धोरणे. तारखेवार शेजारी शेजारी लावले की ते एकाच दिशेला बोट दाखवतात. धातू कोणाच्या जमिनीत आहे यापेक्षा तो वितळवून, शुद्ध करून कामाचा कोण करतो, यावर गाडीच्या कारखान्याची सुरक्षितता ठरत आली आहे. शिशाच्या बाबतीत आपल्याकडच्या बॅटरीवाल्यांनी ही मधली पायरी हातात घेतली. लिथियम आणि चुंबक यांच्या बाबतीत ती दुसऱ्याच्या हातात राहिली आणि २०२५च्या पावसाळ्यात आकुर्डीच्या बजाज कारखान्याला ते भोगावे लागले.

शिशाचे कागद सगळ्यांत जुने आहेत, म्हणून सुरुवात तिथून. ३१ जानेवारी १९४७ रोजी ‘असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न)’ या नावाची कंपनी नोंदली गेली. तिचा पहिला कारखाना बंगालमधल्या शामनगरला होता. दुसरा १९६९ मध्ये चिंचवडला निघाला. कंपनी १९७२ मध्ये ‘क्लोराइड इंडिया’ झाली, १९८८ मध्ये ‘क्लोराइड इंडस्ट्रीज’ आणि १९९५ मध्ये ‘एक्साइड इंडस्ट्रीज’. आमच्या रायगड जिल्ह्याशी तिचा संबंध आला तो १९९८ मध्ये. त्या वर्षी एक्साइडने स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचे तळोजा, कांजूरमार्ग आणि चेन्नईतल्या गिंडी इथले कारखाने घेतले. अहमदनगरचा एक कारखानाही त्याच वर्षी तिच्याकडे आला. ‘एसएफ सोनिक’ या बॅटरीच्या नावातली पहिली दोन अक्षरे म्हणजे स्टँडर्ड आणि जपानची फुरुकावा. विकल्या गेलेल्या कंपनीची एवढी खूण अजून दुकानांच्या पाट्यांवर आहे.

एका वर्षात इतके कारखाने घेतले म्हणजे तितके शिसेही लागणार. साध्या बॅटरीच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास शिसे असते: काही जाळीच्या पट्ट्यांमध्ये, काही त्या पट्ट्यांवर लिंपलेल्या भुकटीत. आमच्या टेम्पोच्या बॅटरीत नऊएक किलो असावे. देशात खाणीतून शिसे काढणारी मोठी कंपनी एकच, राजस्थानातली हिंदुस्तान झिंक. उरलेली गरज भागवायला दोन वाटा होत्या. एक आयातीची, दुसरी जुन्या बॅटऱ्यांची.

आयातीच्या वाटेवर नव्वदच्या दशकात बंधने आली. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर निर्बंध घालणारा बासेल करार १९८९चा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. पुढे घातक कचऱ्याच्या आयातीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. परदेशातल्या बाद बॅटऱ्या आणून इथे फोडण्याचा सोपा रस्ता त्यानंतर अरुंद होत गेला. मग १६ मे २००१ला केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या व्यवस्थापनाचे आणि हाताळणीचे नियम काढले, आणि पावतीवरच्या त्या ओळीचे मूळ इथे सापडते. नियमांनी उत्पादकाला सांगितले की विकलेल्या नव्या बॅटऱ्यांच्या प्रमाणात जुन्या परत गोळा करा. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५, त्यानंतर ९०. दर सहा महिन्यांनी त्याचा तक्ता भरायचा. दुकानदाराने जुनी बॅटरी मागून घ्यावी यासाठी वजावट, वजावट द्यायची म्हणून काटा, आणि तक्ता भरायचा म्हणून वही. रस्त्याकडेच्या दुकानाचा सगळा व्यवहार या एका कागदाभोवती बसत गेला.

नियमामागे पर्यावरणाची काळजी होती, हे त्याची भाषाच सांगते. मागच्या अंगणात बॅटरी फोडून आम्ल नाल्यात ओतायचे आणि शिसे उघड्या कढईत वितळवायचे, असे धंदे तेव्हा जागोजाग होते. आजही पूर्ण संपलेले नाहीत. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर आघात करतो. तो आघात भरून येत नाही. पण त्याच नियमाने कारखानदाराच्या हातात आणखी एक गोष्ट दिली, आणि तिचे मोल त्याला काही वर्षांनी कळले: देशातच दरवर्षी आपोआप भरणारी शिशाची खाण.

२००७ हे वर्ष कागदांत उठून दिसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्पेरन्स बंदराच्या गावात हजारो पक्षी मरून पडले. तपासात कारण निघाले शिशाची धूळ. मार्चमध्ये तिथून होणारी मॅगेलन खाणीच्या शिशाची निर्यात बंद पडली. जगातली ती एक मोठी खाण होती. त्या वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या धातुबाजारात शिसे टनामागे ४,००० डॉलरच्या जवळ जाऊन भिडले, तोवरचा उच्चांक. आणि एक्साइडच्या त्याच वर्षाच्या नोंदीत एक ओळ आहे: टँडन मेटल्स ही कंपनी १०० टक्के विकत घेतली. टँडन मेटल्सची भट्टी मरकळला होती, आळंदीच्या पुढे, इंद्रायणीकाठी. तिचे नाव पुढे ‘क्लोराइड मेटल्स’ झाले. २००८ मध्ये कर्नाटकातल्या लीडेज अलॉइज या शिसे गाळणाऱ्या कंपनीचे ५१ टक्के भाग घेतले गेले. ऑस्ट्रेलियातले पक्षी मेले म्हणून मरकळची भट्टी विकली गेली, असे कोणताही कागद म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण ज्या वर्षी बाहेरचे शिसे सगळ्यांत महाग झाले, त्याच वर्षी देशातल्या सगळ्यांत मोठ्या बॅटरी उत्पादकाने स्वतःची भट्टी घेतली, एवढे तारखा सांगतात.

अशा भट्टीत काय घडते ते पाहिले तर त्या खरेदीचे महत्त्व पटते. जुनी बॅटरी यंत्रात फोडतात. आम्ल वेगळे काढून त्याचा दाह मारतात. प्लास्टिकची खोकी तुकडे होऊन पाण्यावर तरंगतात. ते धुऊन पुन्हा खोकी बनवायला जातात. शिशाच्या पट्ट्या आणि भुकटी कोळसा आणि लोहकिसासोबत फिरत्या भट्टीत जातात. खाली वितळलेले शिसे जमते, वर मळी. ते शिसे कढयांत पुन्हा तापवून त्यातले तांबे, अँटिमनी, कथील काढून टाकतात, आणि उरलेल्या शुद्ध शिशाच्या विटा ओततात. तीच वीट चिंचवडला किंवा तळोज्याला जाऊन पुन्हा जाळी होते. शिसे कितीही वेळा वितळवले तरी शिसेच राहते. त्यामुळे लोधिवलीतल्या दुकानातून गेलेले नऊ किलो काही महिन्यांनी दुसऱ्या नावाच्या बॅटरीतून याच रस्त्यावरून जाऊ शकतात.

आपल्याकडच्या पहिल्या विजेच्या गाड्या या शिशावरच धावल्या. महिंद्रची ‘बिजली’ ही तीनचाकी १९९९ची. बंगळूरची ‘रेवा’ ही छोटी मोटार २००१ची; तिच्या बैठकीखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या बसवलेल्या असत. महिंद्रने मे २०१० मध्ये रेवाचे ५५.२ टक्के भाग घेतले. या गाड्या जड होत्या, एका भारणीत फार लांब जात नव्हत्या, चालल्याही बेताच्याच. पण त्यांच्या बॅटरीसाठी कोणा परक्या सरकारच्या दारात जावे लागत नव्हते. ही गोष्ट तेव्हा कोणी मोजली नाही. ती मोजायला हवी होती.

लिथियम महाराष्ट्रात आले ते मोटारीच्या नव्हे, थंडाव्याच्या वाटेने. ठाण्यात कचेरी असलेल्या निओजेन केमिकल्सचा पहिला कारखाना नवी मुंबईत महापेला, १९९१चा. एप्रिल २०१९ मध्ये या कंपनीने लोकांना भाग विकले तेव्हाचे माहितीपत्रक वाचण्यासारखे आहे. त्यात ब्रोमीनच्या संयुगांबरोबर लिथियमची संयुगे आहेत, आणि त्यांतले मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वाफेवर चालणारी थंड पाण्याची यंत्रे. पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या ही यंत्रे करतात. लिथियम ब्रोमाइडचे दाट पाणी वाफ हावऱ्यासारखे शोषून घेते, त्या ओढीने आतले पाणी कमी दाबात उकळते आणि उकळताना थंड होते. मोठे कारखाने, रुग्णालये, कचेऱ्या असे गार होत आल्या आहेत. म्हणजे लिथियम हाताळायचे कसे, हे कौशल्य आपल्या खाडीपलीकडे तीस वर्षे आहे. मूळ क्षार मात्र बाहेरून येणारे, कारण भारतात लिथियमचे उत्पादन नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये या कंपनीने जपानच्या एमयू आयॉनिक सोल्यूशन्सकडून बॅटरीतला विद्युतद्राव बनवण्याचे तंत्र घेतले, वर्षाला ३०,००० टनांपर्यंत. त्यासाठीचा कारखाना गुजरातेत दहेजजवळ ठरला.

गुजरातचे नाव या कागदांत पुन्हा पुन्हा येते. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने विजेच्या वाहनांचे धोरण जाहीर केले. २०२५ पर्यंत नोंदल्या जाणाऱ्या नव्या वाहनांपैकी १० टक्के विजेची असावीत हे त्यातले एक उद्दिष्ट. राज्यात बॅटरीच्या सेलचा निदान एक महाकारखाना उभा राहावा हे दुसरे. त्याआधी दोनच महिने, १२ मे २०२१ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने सेल बनवणाऱ्यांसाठी १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. लक्ष्य ५० गिगावॉट-तासांचे. अट अशी की दोन वर्षांत मूल्यातला २५ टक्के भाग देशातला हवा आणि पाच वर्षांत ६० टक्के. या अटीत कच्च्या मालाचा प्रश्न लपलेला होता. सेल म्हणजे मुख्यतः माल: लिथियमचे क्षार, ऋणाग्राचे ग्राफाइट, धनाग्राची भुकटी, तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो सगळा बाहेरून आणून इथे गुंडाळला तर ६० टक्के गाठणे कठीण.

जुलै २०२२ मध्ये या योजनेच्या करारांवर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत रिलायन्स न्यू एनर्जी होती. आमच्या लोधिवलीच्या शेजारी पाताळगंगेकाठी याच उद्योगसमूहाचा धाग्यांचा कारखाना आहे. इथल्या अनेक घरांचे संसार त्या कारखान्यावर उभे राहिले, गावातले मोठे रुग्णालयही धीरूभाई अंबानी यांच्या नावाचे. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून १९१५ पासून सुटत आलेल्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, म्हणून या काठावर रसायनी वसली, धाग्यांचे कारखाने आले. सेलचा कारखाना मात्र जामनगरला ठरला. ओला इलेक्ट्रिकचा तमिळनाडूत कृष्णगिरीला, राजेश एक्स्पोर्ट्सचा कर्नाटकात. २०२१च्या धोरणातला तो महाकारखाना या सह्यांतून महाराष्ट्राच्या वाट्याला आला नाही. आणि ज्यांच्या वाट्याला आला त्यांनाही तो वेळेत उभारणे जड गेले. मार्च २०२५ मध्ये रिलायन्सने शेअर बाजाराला कळवले की आपल्या बॅटरी कंपनीला कामाचा टप्पा मुदतीत न गाठल्याबद्दल १ जानेवारीपासून रोज हमीच्या रकमेच्या ०.१ टक्का दंड लावल्याचे सरकारचे पत्र मिळाले आहे.

या उशिराचे एक कारण बाजारभावांत दिसते. २०२२च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सुमारे ६ लाख युआन होता. २०२४ उजाडताना तो एक लाखाच्या आसपास आला. तिथले तयार सेल इतके स्वस्त झाले की इथे बनवण्यापेक्षा आणणे परवडू लागले. म्हणून मोटारींचे उत्पादन वाढले, सेलचे वाढले नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेली नेक्सॉन ईव्ही रांजणगावला बनते. टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशन कंपनीशी भागीदारी करून तिला बॅटऱ्या पुरवल्या. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या चाकणला बनतात, वर्षाला ९०,००० गाड्यांची सोय करून. त्यांत बीवायडीचे सेल आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून या गाड्या आमच्या डोळ्यांदेखत घाट चढतात, आणि मे २०२५च्या राज्याच्या नव्या धोरणाने विजेच्या मोटारींना त्या मार्गावर टोलमाफीही दिली. रस्ता आपला, जुळणी आपली, वीज आपली. सेल तेवढा परका.

खाणीकडे धाव घेण्याचे प्रयत्न याच काळातले. नागपुरात दोन कचेऱ्या अशा आहेत की खनिजांचा कुठलाही भारतीय इतिहास त्यांच्या कागदांशिवाय लिहिता येत नाही: भारतीय खाण ब्यूरो, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले खनिज शोध महामंडळ. या महामंडळाचा वाटा असलेल्या ‘काबिल’ या कंपनीने १५ जानेवारी २०२४ला अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांताच्या कंपनीशी करार केला. लिथियमच्या खाऱ्या पाण्याचे पाच पट्टे, एकूण १५,७०३ हेक्टर, खर्च सुमारे २०० कोटी. चार पट्ट्यांचे नाव कोर्तादेरा, पाचव्याला नुसता क्रमांक. हा करार प्रथम शोधाचा आहे. सापडले, काढले, तरी ते खारे पाणी सुकवून, क्षार शुद्ध करून बॅटरीच्या दर्जाला नेणारी पायरी उरतेच. तशा पायरीचे एक उदाहरण गोव्यात कुंकळ्ळीला आहे. तिथल्या निकोमेट कंपनीत निकेल आणि कोबाल्ट शुद्ध होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये वेदांताने ती घेतली. खाण नसलेल्या गावात धातू तयार होऊ शकतो, याचा तो पुरावा. पण तेवढाच एक.

आता आकुर्डी. तिथले कागद ताजे आहेत आणि तारखा जवळजवळच्या, त्यामुळे घटना जवळपास आठवड्याच्या हिशेबाने मांडता येते.

बजाजच्या स्कूटरचे चेतक हे नाव १९७२चे. विजेची चेतक ऑक्टोबर २०१९ मध्ये दाखवली गेली आणि १४ जानेवारी २०२०ला पुणे व बंगळूरसाठी बाजारात आली. डिसेंबर २०२१ मध्ये बजाज ऑटोने जाहीर केले की आकुर्डीच्या जुन्या जागेवर ३०० कोटी रुपये घालून फक्त विजेच्या गाड्यांचा कारखाना उभारायचा, वर्षाला पाच लाख गाड्यांचा. कंपनीचे माजी अध्यक्ष राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ला गेले. त्यांच्या जयंतीला, १० जून २०२२ला, कारखाना सुरू झाला. पुढच्या तीन वर्षांत चेतक देशातल्या सगळ्यांत जास्त खपणाऱ्या विजेच्या स्कूटरांमध्ये जाऊन बसली.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि सीमाशुल्क खात्याने मिळून त्या वर्षीची १८वी घोषणा काढली. सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून केलेले चुंबक यापुढे परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत. सातांत डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. हे दोन धातू स्कूटरच्या कारखान्याला का लागावेत? चाक फिरवणाऱ्या मोटरीत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक असतो. हा चुंबक १९८०च्या दशकात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडला, जपानमध्ये मासातो सागावा यांना आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांना. जोर प्रचंड, वजन थोडे. पण तापला की तो ढिला पडतो. मेच्या उन्हात दोन माणसे बसवून चढ चढणाऱ्या स्कूटरची मोटर तापणारच. त्यासाठी त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात; मग तो उष्णतेतही पकड सोडत नाही. जनरल मोटर्सने आपली चुंबकाची कंपनी १९९५ मध्ये चिनी भांडवल असलेल्या गटाला विकली, आणि काही वर्षांत तिचे अमेरिकेतले कारखाने बंद होऊन यंत्रे पूर्वेकडे गेली. आज असे चुंबक बनवण्याचे सुमारे ९० टक्के काम चीनमध्ये चालते.

घोषणेत बंदी हा शब्द नव्हता. परवाना होता, आणि परवान्यासाठी कागद. चुंबक कोण वापरणार, कशासाठी वापरणार, लष्करी कामाला जाणार नाही याची हमी. भारतीय कंपन्यांनी अर्ज भरले, सरकारकडून शिक्के घेतले आणि वाट पाहिली. मेच्या अखेरीस बजाज ऑटोचे कार्यकारी संचालक राकेश शर्मा यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितले की साठा संपत आहे, पुरवठा सुरू झाला नाही तर जुलैपर्यंत उत्पादनाला मोठा फटका बसेल. जुलैत चेतकचे उत्पादन निम्म्यावर आले. महिना सरता सरता कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितले की ऑगस्टचे उत्पादन शून्यावर जाऊ शकते. पाच लाखांची क्षमता, तयार कामगार, बॅटऱ्या हजर, मागणी चांगली, आणि तळहातावर मावेल एवढ्या तुकड्यासाठी सगळे खोळंबलेले.

त्याच ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या माथेरानबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, त्यांच्या जागी ई-रिक्षा आणा. तांबड्या मातीच्या चढावर छाती फुटेस्तोवर रिक्षा ओढणाऱ्या माणसांची त्यातून सुटका होणार होती. विजेच्या गाडीचा प्रश्न फक्त प्रदूषणाचा किंवा खपाचा नाही, हे मला या आदेशाने दाखवले. म्हणून तिच्या मोटरीतला तुकडा कुठल्या बंदरात अडकतो याची मला काळजी वाटते.

आकुर्डीने वाट काढली. जड दुर्मीळ धातू न लागणारे, हलक्या दुर्मीळ धातूंवर चालणारे चुंबक बसवण्याकडे कंपनी वळली, आणि २० ऑगस्टपासून चेतक पुन्हा दुकानांकडे रवाना होऊ लागल्या. त्याचा ओरखडा वाहन नोंदणीच्या आकड्यांत राहिला आहे: जुलैत १९ हजारांवर नोंदलेल्या चेतक ऑगस्टमध्ये १२ हजारांच्या आत आल्या.

या धातूंची कथा मुंबईतूनच सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. आज तिचे नाव आयआरईएल, मुख्य कचेरी प्रभादेवीला. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट असते. त्यातून दुर्मीळ मृदा धातू आळवाईला वेगळे होत आणि उरलेल्या गाळातून थोरियम काढण्यासाठी १९५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला कारखाना उभा राहिला. अणुऊर्जेसाठी आपल्याला थोरियम हवे होते, दुर्मीळ धातू बरोबर येत होते. १९६३ मध्ये कंपनी पूर्णपणे अणुऊर्जा खात्याकडे गेली. वाळू होती, रसायनशास्त्रज्ञ होते, कारखाने होते. पण ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मिश्रधातूपासून चुंबक या तीन पायऱ्या मोठ्या प्रमाणावर इथे बांधल्याच गेल्या नाहीत. २०१२च्या एका करारानुसार आपला माल विशाखापट्टणमच्या जपानी कंपनीमार्फत जपानला जात राहिला. २०१० मध्ये चीनने जपानचा पुरवठा अडवला होता; जपानने त्यातून धडा घेऊन जगभर हात पसरले आणि त्यातला एक हात आपल्या वाळूपर्यंत पोचला. मे २०२३ मध्ये विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात चुंबकांचा आपला कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. तो समेरियम-कोबाल्टचा, वर्षाला ३,००० किलोंचा. संरक्षण आणि अणुऊर्जा यांच्या कामाचा, स्कूटरच्या नाही.

२६ नोव्हेंबर २०२५ला केंद्रीय मंत्रिमंडळाने चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन, जास्तीत जास्त पाच कंपन्या, उभारणीला दोन वर्षे आणि नंतर पाच वर्षे विक्रीवर प्रोत्साहन. ऑक्साइडपासून चुंबकापर्यंतची पूर्ण साखळी देशात हवी असे तिच्या मंजुरीत म्हटले आहे. आळवाई आणि आकुर्डी यांच्यामध्ये सत्तर वर्षे रिकाम्या राहिलेल्या पायऱ्या सरकारी कागदावर पहिल्यांदाच एका ओळीत लिहिल्या गेल्या.

बॅटऱ्यांच्या बाबतीतही असा कागद आहे. ऑगस्ट २०२२च्या नव्या नियमांनी २००१चे नियम बदलले. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत पुनर्वापराचा माल २०२७-२८ पासून ५ टक्के हवा, २०३०-३१ पर्यंत २० टक्के. टाटा केमिकल्सने २०१९ मध्ये पालघरला लिथियम बॅटऱ्यांतून धातू काढण्याचे काम सुरू केले होते. तिथे जुने सेल दळून काळी भुकटी करतात आणि रसायनांनी त्यातले धातू वेगळे करतात. पण शिशाच्या आणि लिथियमच्या जुन्या बॅटरीत मोठा फरक आहे. शिशाच्या बॅटरीत एकच धातू भरपूर असतो आणि भट्टी त्याला लगेच वेगळे करते. आता बहुतेक स्वस्त गाड्यांत येणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये निकेलही नाही, कोबाल्टही नाही. थोडे लिथियम, तांब्याचा पत्रा आणि काळी माती. भंगाराच्या काट्यावर अशा बॅटरीला अजून भाव बांधला गेलेला नाही.

त्या दिवशी मी पावती घडी करत होतो तेव्हा एक तरुण स्कूटरचा निळा लिथियम पॅक पिशवीत घालून दुकानात आला. पॅक चार्ज घेत नव्हता. बदल्यात काय मिळेल, असे त्याने विचारले. दुकानदाराने तो हातात घेऊन वजन अजमावले, चारही बाजूंनी पाहिला, आणि काट्याकडे न जाता परत त्याच्याच हातात दिला. ‘‘हा मी नाही घेत दादा, कंपनीच्या सेंटरला विचारा,’’ तो म्हणाला. मग आमची जुनी बॅटरी उचलून त्याने मागच्या भिंतीशी लावलेल्या थप्पीवर ठेवली आणि वहीत तारीख घालून वजन लिहिले.